ओठ बंद, गाणं चालू

भाच्याचा फोन आला तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि मी अंगणात सोलं वाळत घालत होते. "मावशी, गाणं झालं एकदाचं, मिक्सिंग पण झालं, आता फक्त व्हिडिओ राहिलाय, ड्रोनवाला मित्र पैसे घेत नाहीये, तू एवढंच सांग, आश्वे की केरी?" म्हणजे समुद्रावर जायचं हे ठरलेलंच होतं, कुठल्या समुद्रावर एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं दोन्ही नको, रविवारी फोंड्याला ये, जेव, आणि मग सोप्यावर बसून तुला काहीतरी दाखवते.

समुद्राला मी नावं ठेवत नाही, आपल्याच गोव्याचा समुद्र आहे. पण गोव्यात गाणं शूट करायचं म्हटलं की माड, वाळू, मावळता सूर्य, आणि वरून ड्रोन, याच्यापलीकडे मुलांचं डोकं जातच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कारण म्युझिक व्हिडिओ जेव्हा म्युझिक व्हिडिओ नव्हता, नुसती प्रमोशनल फिल्म म्हणायचे त्याला, तेव्हा लोकांनी काय काय जागा शोधल्या होत्या!

बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं एमटीव्हीपासून सुरू झालं, म्हणजे १ ऑगस्ट १९८१ पासून. नाही हो. १९४० च्या दशकात अमेरिकेत बारमध्ये नाणं टाकून गाण्याची फिल्म बघायची मशिनं होती, मग १९६० मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन आलं, १६ एमएमची रंगीत फिल्म, एका मशिनमध्ये ३६ गाणी. पण माझा जीव अडकलाय तो १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत. त्याच फिल्म्स मी त्या रविवारी लॅपटॉपवर लावल्या, भाचा आंबा खात बाजूला बसला होता.

आधी ह्या फिल्म्स बनल्या का ते सांगते, कारण कारण अगदी साधं आहे. गाणं निघालं की ग्रुपला प्रत्येक टीव्ही स्टेशनवर स्वतः जाऊन उभं राहावं लागायचं, या देशात, त्या देशात, आणि बीटल्सना तर ते अशक्यच होऊन बसलं होतं. मग त्यांनी २३ नोव्हेंबर १९६५ ला लंडनजवळच्या ट्विकनहॅम स्टुडिओत एका दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिल्म्स करून टाकल्या, की घ्या, आमच्या जागी ही रिळं दाखवा. एका गाण्यात रिंगो ड्रम सोडून चक्क व्यायामाच्या सायकलवर बसलाय. पण ते सगळं स्टुडिओत, चार भिंतींत. पुढच्या वर्षी, २० मे १९६६ ला, ते बाहेर पडले, चिझिक हाऊस म्हणून लंडनमध्ये जुनी हवेली आहे तिच्या बागेत, 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या दोन गाण्यांसाठी, दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग. दगडी पुतळे, झाडं, काचेचं फुलघर, आणि त्यात हे चौघे. भाचा म्हणाला, "हे पणजीतल्या कांपालच्या बागेत गिटार घेऊन उभं राहिल्यासारखं आहे." बरोबर आहे त्याचं. अजून जागा नुसती पाठीमागे आहे, गाण्यात आलेली नाही.

मग मी एक वर्ष मागे नेलं त्याला. ८ मे १९६५, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मागची गल्ली. एवढं मोठं हॉटेल, पुढून सगळा थाट, आणि बॉब डिलन उभा राहिलाय मागे, जिथे बांधकामाचं सामान पडलंय. हातात मोठाली कार्डं, त्यांच्यावर 'सबटेरेनियन होमसिक ब्लूज' मधले शब्द, गाणं पळतंय आणि हा एकेक कार्ड खाली टाकत जातो. तोंड उघडतच नाही! कोपऱ्यात कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग कुणाशी तरी गप्पा मारत उभा, आणि गाणं संपल्यावर दोघेही आपापल्या वाटेने चालायला लागतात. दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकरने एकाच शॉटमध्ये घेतलंय, डिलनवरच्या 'डोन्ट लुक बॅक' या सिनेमासाठी. हेच गाणं त्यांनी हॉटेलच्या गच्चीवर पण शूट केलं आणि जवळच्या बागेत पण, पण सिनेमाच्या सुरुवातीला लागली ती गल्लीच. मला वाटतं बाग असती तर कुणाला आठवलीपण नसती. गाणं चिडलेलं आहे, घाईत आहे, त्याला तशीच जागा लागते, मागच्या दाराची.

इथे भाच्याने आंब्याची कोय खाली ठेवली आणि तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. "पण मावशी, हा गातोय कधी?"

तर ऐका. डिलनची फिल्म याच्या आधीची, पण १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या वादकांच्या युनियनने टीव्हीवर नुसते ओठ हलवण्यावर, म्हणजे रेकॉर्ड लावून गायल्यासारखं करण्यावर, बंदी आणायला लावली. त्यांचं म्हणणं पोटाचं होतं, रेकॉर्डवर काम चालायला लागलं तर खरं वाजवणाऱ्यांनी जायचं कुठं. बंदी इतकी पक्की की १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये बीटल्सनी 'हॅलो, गुडबाय' ची फिल्म थिएटरच्या स्टेजवर ओठ हलवून केली ती बीबीसीला दाखवताच आली नाही. आता विचार करा, गाण्याची फिल्म करायची आहे, आणि गाणाऱ्याचं तोंड गाताना दाखवायचं नाही. मग तीन-चार मिनिटं लोकांनी बघायचं काय? मला ह्या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि मी ती कुणालाही पकडून सांगत असते, ओठ बंद झाले म्हणून जागा बोलायला लागली.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ची फिल्म बघा म्हणजे कळेल. ३० आणि ३१ जानेवारी १९६७. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा शेवटचा कॉन्सर्ट झाला होता, आता कुठे जाऊन गाणारच नव्हते, म्हणजे फिल्मच सगळीकडे जाणार. जागा निवडली केंटमधल्या सेव्हनओक्सचं नोल पार्क, शेकडो वर्षांचं हरणांचं रान. दिग्दर्शक पीटर गोल्डमन, स्वीडनचा, त्यांच्या जर्मन मित्राने, क्लाउस फोरमनने, नाव सुचवलं होतं. आणि त्या रानात एक वठलेला ओक. त्या ओकाखाली उघडा पियानो ठेवला आणि पियानोपासून झाडाच्या फांद्यांपर्यंत तारा ताणल्या, म्हणजे झाड हेच वाद्य झालं! हे लिहिताना पण माझ्या अंगावर काटा येतो. इंग्लंडचा जानेवारी, दिवस केवढासा, मग अंधारात पण दिवे लावून शूट केलं, आणि एडिटमध्ये दिवस-रात्र एकमेकांत मिसळून टाकले, आत्ता उजेड, आत्ता काळोख. काही ठिकाणी फिल्म उलटी चालवलीय, एकजण खालून उडी मारून थेट झाडावर जातो. शेवटी पियानोवर रंग ओततात. कुणीही गात नाही. चौघांचे चेहरे अगदी जवळून दिसतात, ओठ मिटलेले, डोळे कॅमेऱ्यात, आणि गाणं आपलं सुरूच. ते गाणं लहानपणच्या एका जागेबद्दलचं आहे, जी जागा आता मनातच उरली आहे. गोल्डमनने लिव्हरपूलमधली ती खरी जागा दाखवलीच नाही, तिच्या जागी एक वठलेलं झाड उभं केलं. माझ्या मते यापेक्षा चांगली फिल्म त्या काळात कुणी केली नाही, आणि त्यानंतरही फार थोड्यांनी केली.

आणि जाता जाता, त्याच दिवसांत तिथल्याच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात बीटल्समधल्या जॉन लेननला सर्कशीचं जुनं पोस्टर मिळालं, त्यातूनच पुढे एक वेगळं गाणं झालं. जागेवर गेलं की असं हाताला काहीतरी लागतंच.

'पेनी लेन' पण गोल्डमनचीच. ते लिव्हरपूलमधल्या खऱ्या रस्त्याचं गाणं, पण चौघे लिव्हरपूलला गेलेच नाहीत, तिथे कॅमेरा एकटाच गेला, बसेस, चौक वगैरे घेऊन आला, आणि चौघांचे रस्त्यावरचे शॉट्स पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधल्या एंजल लेनमध्ये घेतले. मग परत नोल पार्क, घोड्यांवर बसून मोडक्या कमानीतून येतात आणि उघड्या रानात मांडलेल्या टेबलावर बसतात. भाच्याला ही जास्त आवडली. मला ओकाचं झाड.

द किंक्सची 'डेड एन्ड स्ट्रीट' पण दाखवली, १९६६ ची, ब्लॅक अँड व्हाइट, लंडनच्या केंटिश टाउनमधली लिटल ग्रीन स्ट्रीट ही एवढीशी गल्ली, आणि ग्रुपवालेच काळे कपडे घालून शवपेटी घेऊन चाललेत. गरिबीचं गाणं आहे. बीबीसीला ती पसंत पडली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइड हा ग्रुप इटलीतल्या पॉम्पेला जाऊन वाजवून आला, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं गाव, तिथलं रोमन रंगमंडल, आणि समोर प्रेक्षक नाहीत. दिग्दर्शक एड्रियन मेबेन आधी तिथे फिरायला गेलेला, पासपोर्ट हरवला म्हणून संध्याकाळी परत शोधायला गेला आणि त्या रिकाम्या रंगमंडलातल्या शांततेनेच त्याला धरलं. शूटिंगला वीज पुरेना, मग गावातून लांबच लांब केबल ओढली. ही प्रमोशनल फिल्म नव्हे, पूर्ण सिनेमा आहे, पण मी मुद्दाम लावली, भाच्याने ते रिकामं दगडी गोल बघावं म्हणून. मग १९८२ ला ड्युरान ड्युरान श्रीलंकेला गेले, 'सेव्ह अ प्रेयर' मध्ये सिगिरियाचा प्रचंड खडक हेलिकॉप्टरमधून दाखवलाय, सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही, पण तिथून पुढे जागा म्हणजे सहलीचं ठिकाण झालं. आजचा ड्रोन त्याच हेलिकॉप्टरचा वंशज आहे असं मी भाच्याला म्हटलं. तो गप्प बसला.

आपल्याकडचं पण सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं, चाल आपल्या अशोक पत्कींची, भैरवी, आणि सुरुवातीलाच भीमसेनजी, मागे धबधबा. तो धबधबा कोडाईकनालचा आहे, पांबार. मी दहा वर्षांची होते. वाडें गावात आम्ही नवीन राहायला आलो होतो, शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, सगळी मुलं जमिनीवर. ताजमहाल आला, कोलकात्याची मेट्रो आली, हत्ती आला, आणि मी आपली वाट बघत बसले होते की आता आमचं कुर्डी येईल. सगळा देश दाखवतायत तर आमचं गाव पण असणार ना कुठेतरी. आलं नाही, कसं येणार. कुर्डी तेव्हा पाण्याखाली होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगे तालुक्यात साळावली धरण झालं आणि १९८६ मध्ये कुर्डी गाव त्यात बुडालं. आम्हाला वाडेंला, काहींना वालकिणीला जागा दिली. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटे करून धरणाजवळ नेऊन परत रचलं, ते आजही बघता येतं. घरं राहिली. मोगूबाई कुर्डीकर ह्याच गावच्या, १९०४ चा जन्म, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, किशोरीताईंच्या आई. आडनावातच गाव घेऊन त्या गाण्यात एवढ्या मोठ्या झाल्या आणि गाव मात्र असं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येतं, जोती, पायऱ्या, माडांचे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. मग जुने लोक येतात, देवाचा उत्सव होतो, जेवणं होतात, आणि जून लागला की परत पाणी चढतं. धरणावर तो गोल सांडवा आहे ना, ज्यात पाणी आत पडतं, तिथे रील करणाऱ्यांची रांग लागते. त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला हे गाव आहे.

भाच्याचं गाणं घरी परत जाण्याबद्दल आहे. अर्धं मराठी, अर्धं कोंकणी, चाल त्याचीच, आणि चांगली आहे. हे गाणं घेऊन तो आश्व्याला जाणार होता.

मी त्याला एवढंच म्हटलं, "आजीला विचार, मे मध्ये येते का आपल्याबरोबर कुर्डीला."

आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. पहाटे निघालो, सांग्याला चहा-भजी, आणि साडेसहाला खाली उतरलो तेव्हा उजेड नुकता पसरत होता. माती अशी तडकलेली की पाऊल ठेवलं की कडा तुटतात. कुठे झाड नाही, सावली नाही, सगळा रंग एकच, राखाडी, आणि त्यात जांभ्या दगडाची जोती ओळीने. चार मुलं, दोन फोन, एक ट्रायपॉड, आणि गाणं वाजवायला छोटा ब्लूटूथ स्पीकर. सुरुवातीला भाचा सोमेश्वराच्या देवळाजवळ उभा राहिला आणि स्पीकरबरोबर ओठ हलवायला लागला. सहा टेक केले. मुलं सगळी एकमेकांकडे बघायला लागली, कारण ते लागतच नव्हतं. आवाज स्टुडिओतला, एसीतला, आणि समोर हे तडकलेलं गाव, आणि मध्ये याचं तोंड हलतंय. फसवं दिसत होतं. मी काही बोलले नाही. त्यानेच स्पीकर बंद केला आणि म्हणाला, "गात नाही मी. चालतो नुसता."

मग तो चालला. घराघरातून, म्हणजे जोत्याजोत्यावरून. कुठे पाटा पडलेला, कुठे नुसता उंबरा. मोगूबाईंच्या घराचे अवशेष आहेत तिथे मुलं थांबली आणि कुणी न सांगता चपला काढल्या. ड्रोन एकदा उडवला, आणि त्या मित्रानेच बघून सांगितलं की वरून हे सगळं नकाशासारखं दिसतंय, खाली आणतो.

तोवर आई तिच्या घरापाशी पोचली होती. ८१ वय तिचं, काठी घेऊन, माझ्या भावाचा हात धरून. आमच्या घराच्या तीन पायऱ्या अजून आहेत. तिने काय केलं असेल? पदराने वरच्या पायरीवरची माती पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत, आणि मग बसली. एका मुलाने हळूच फोन लावला, भाच्याने स्पीकरवर गाणं सुरू केलं, आणि तीन मिनिटं चाळीस सेकंद कुणीही हललं नाही. आई गाणं ऐकत होती, ओठ मिटलेले, एक हात पायरीवर. मध्येच तिने मान वळवून उजवीकडे बघितलं, जिथे स्वयंपाकघर होतं. कॅमेऱ्यात तिथे काहीच नाही, नुसती माती. मी मात्र तिथे आठ वर्षं जेवले आहे.

अकराच्या सुमाराला फोन तापून बंद पडायला लागले, मग आम्ही उत्सवाला आलेल्या लोकांमध्ये जाऊन जेवलो आणि निघालो.

व्हिडिओ झाला तेव्हा एका ओळखीच्या चॅनलवाल्याने बघितला आणि सांगितलं की गायकाचा चेहरा गाताना दिसत नाही तर लोक दहा सेकंदात पुढे जातील, निदान दोन कडवी तरी लिपसिंक घाला, समुद्रावर चालेल. भाचा दोन दिवस विचारात होता, मला कळत होतं, वर्षभराची मेहनत आहे त्याची आणि मुलांनी पैसे साठवून स्टुडिओ घेतला होता. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "मावशी, झाड हेच वाद्य ना? मग ठेवतो तसंच." मी कितीतरी वेळ तो मेसेज बघत बसले होते.

एक शॉट राहिला. आमची विहीर घराच्या खालच्या अंगाला, नदीकडे, ती त्या दिवशी अजून पाण्याखालीच होती. आई काठीने दाखवत म्हणाली, आणखी आठ दिवसांनी तिचा काठ वर येईल, तेव्हा या. आठ दिवसांनी जायचं ठरवलं होतं, पण वळवाचा पाऊस आला आणि मग मान्सूनच लागला. भाच्याने एडिटमध्ये विहिरीच्या जागी अकरा सेकंद काळा पडदा ठेवलाय, गाणं चालूच राहतं. पुढच्या मे मध्ये जाऊन तेवढा शॉट घालायचा आहे. आईने आत्ताच विचारून ठेवलंय, तारीख काय धरायची म्हणून.